मेमरी खाणारं सॉफ्टवेअर वाईटच असतं का?

विंडोज ९५ चालवायला संगणकात किमान ४ मेगाबाइट रॅम लागायची. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ ला किमान ४ गिगाबाइट लागते. २६ वर्षांत बरोबर १,०२४ पट. दोन्हींवर माणसं करतात काय, तर पत्रं लिहितात, हिशेब मांडतात, चित्रं बघतात. मग एवढी मेमरी जाते कुठे? यावर एक उत्तर कायम तयार असतं: पूर्वीचे प्रोग्रामर काटेकोर होते, आताचे आळशी झाले. हे साफ खोटं नाही, पण निम्मंच खरं आहे. उरलेलं निम्मं जास्त रंजक आहे, म्हणून या लेखाचा बराचसा भाग त्याच्यावर.

सॉफ्टवेअर किती मेमरी मागतं एवढ्यावरून त्याची प्रत ठरत नाही. त्या मेमरीच्या बदल्यात पदरात काय पडलं ते बघावं लागतं. हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते दोन प्रकारच्या सॉफ्टवेअरमध्ये. एक ऑपरेटिंग सिस्टिम, जी सगळ्या प्रोग्रामना मेमरी वाटून देते. दुसरा कंपायलर, जो माणसाने लिहिलेल्या कोडचं प्रोसेसरला समजणाऱ्या आज्ञांत रूपांतर करतो. या दोघांनी घोळ घातला, तर वर चालणारा प्रोग्राम कितीही नीट लिहिलेला असो, उपयोग नाही.

तंगीतल्या तडजोडी

ॲपलने जानेवारी १९८३ मध्ये लिसा नावाचा संगणक काढला. १ मेगाबाइट रॅम, किंमत ९,९९५ डॉलर. त्यात मेमरीला संरक्षण होतं, म्हणजे एका प्रोग्रामला दुसऱ्याच्या मेमरीत हात घालता येत नसे. बरोबर एका वर्षाने मॅकिंटॉश आला. १२८ किलोबाइट रॅम, किंमत २,४९५ डॉलर. लिसाच्या एक अष्टमांश मेमरीत खिडक्या, माउस आणि मेनू बसवायचे होते. ते बसवले, आणि फार सुरेख बसवले. पण त्यासाठी जे सोडलं त्यात मेमरीचं संरक्षण होतं.

मॅकमध्ये केलेल्या दोन युक्त्या बघण्यासारख्या आहेत. पहिली हँडलची. मेमरी इतकी कमी होती की वापरलेल्या तुकड्यांच्या मधे उरलेल्या फटी वाया घालवणं परवडत नव्हतं. म्हणून सिस्टिम अधूनमधून तुकडे सरकवून मोकळी जागा एकत्र करायची. तुकडा सरकला की त्याचा पत्ता बदलतो, म्हणून प्रोग्रामने थेट पत्ता न ठेवता 'पत्ता जिथे लिहिलाय तिथला पत्ता', म्हणजे हँडल, ठेवायचा. प्रोग्रामरने घाईत खरा पत्ता काढून घेतला आणि मधल्या वेळात सिस्टिमने तुकडा सरकवला, तर पुढचं लिखाण भलत्याच जागी. त्यातही हे दर वेळी होत नसे. मेमरी भरत आली असेल आणि सरकवासरकव नेमकी त्याच क्षणी झाली, तरच. असे बग शोधताना भल्याभल्यांच्या नाकी नऊ यायचे, कारण तपासायला बसलं की प्रोग्राम शहाण्यासारखा चालायचा.

दुसरी युक्ती आणखी धाडसी. मोटोरोला ६८००० हा प्रोसेसर पत्ता ३२ बिटांत साठवायचा, पण बाहेर पाठवायचा फक्त २४ बिट. वरचे ८ बिट नुसतेच पडून. ते वाया कशाला घालवायचे? मॅकच्या मेमरी मॅनेजरने त्यांत खुणा ठेवल्या: हा तुकडा सध्या हलवू नका, हा गरज पडल्यास टाकून द्या, अशा. काही बाइट वाचले. १९८७ मध्ये मॅकिंटॉश २ आला, त्यातला नवा प्रोसेसर ३२ च्या ३२ बिट पत्ता म्हणून वापरणारा. आता वरच्या खुणा पत्त्याचाच भाग ठरू लागल्या. त्यामुळे सिस्टिमला जुन्या २४ बिटांच्या चालीवर चालवावं लागलं, आणि त्या चालीत ८ मेगाबाइटपेक्षा जास्त रॅम वापरताच येईना. १९९१ च्या सिस्टिम ७ ने ३२ बिटांची सोय केली, तरी मॅकिंटॉश २ सारख्या मशीनच्या रॉममध्येच (बदलता न येणाऱ्या मेमरीत) जुना कोड कोरलेला होता. तिथे वेगळं सॉफ्टवेअर घालून ठिगळ लावावं लागलं. १२८ किलोबाइटच्या दिवसांत वाचवलेल्या बिटांनी सात वर्षांनंतर मेगाबाइट अडवून धरले.

आणि मेमरीचं संरक्षण? ते मॅकच्या मुख्य सिस्टिममध्ये आलं २००१ मध्ये, मॅक ओएस एक्स बरोबर. मधली सतरा वर्षं एखादा प्रोग्राम बिथरला की सगळं मशीन घेऊन बसायचा. स्क्रीनवर बॉम्बचं चित्र यायचं. ते चित्र लोकांना अजून आठवतं, यातच काय ते आलं.

मायक्रोसॉफ्टकडे तर हा झगडा एकाच छपराखाली चालू होता. १९९३ मध्ये विंडोज एनटी ३.१ आलं. डेव्ह कटलर यांच्या चमूने ते मुळापासून नव्याने बांधलं होतं. प्रत्येक प्रोग्रामला स्वतंत्र, बंदिस्त मेमरी. सिस्टिमचा गाभा प्रोग्रामपासून वेगळा. त्याची मागणी होती किमान १२ मेगाबाइट, म्हणजे तेव्हाच्या घरगुती संगणकांत सहसा नसायची इतकी. दोन वर्षांनी विंडोज ९५ आलं ते ४ मेगाबाइटमध्ये चालवायचं, हे ठरवूनच. त्यासाठी आतला बराच जुना १६ बिटांचा कोड तसाच ठेवला, कारण तो आटोपशीर होता आणि जुन्या प्रोग्रामांना तोच हवा होता. सिस्टिमच्या वापरातल्या मेमरीचा मोठा भाग सगळ्या प्रोग्रामांना सामाईक राहिला, आणि त्यावर कोणीही लिहू शकत असे. सिस्टिम कोसळली की दिसणारा निळा पडदा घरोघरी पोचला तो या वाटेने. (विंडोज ९५ सलग ४९.७ दिवस चालू राहिलं तर अडकून पडायचं, कारण मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा आकडा तेवढ्या वेळात भरतो. हा दोष लक्षात यायला काही वर्षं गेली. तेवढे दिवस ते सलग चालू ठेवणारा माणूस भेटायला हवा ना!)

२००१ मध्ये विंडोज एक्सपी आलं आणि एनटीचा गाभा घरच्या संगणकांत शिरला. किमान मागणी ६४ मेगाबाइट, म्हणजे विंडोज ९५ च्या सोळापट. सॉफ्टवेअर फुगलं अशी ओरड तेव्हाही झाली. पण एक प्रोग्राम बुडाला म्हणून अख्खं मशीन बुडणं झपाट्याने कमी झालं. एनटीची रचना १९९३ मध्ये तयारच होती. घरी यायला तिला आठ वर्षं लागली, आणि मेमरी स्वस्त होण्याची वाट बघणं हे त्यामागचं एक मोठं कारण होतं.

खिडकीचा माग

एक दृश्य बऱ्याच जणांना आठवत असेल. एक्सपीवर एखादा प्रोग्राम अडकलाय, त्याच्यावरून दुसरी छोटी खिडकी ओढली, तर ती जिथून गेली तिथे तिच्या प्रतिमांचा लांबलचक माग उमटतो. पुढे यावर विनोदी चित्रं निघाली. पण हे का व्हायचं?

त्या रचनेत स्क्रीनवर जे दिसतं त्याची एकच प्रत असायची. वरची खिडकी हलली की खाली झाकलेला भाग काय होता, हे सिस्टिमला माहीतच नसे. ती खालच्या प्रोग्रामला सांगायची, "तुझा एवढा भाग पुन्हा काढ." तो अडकला असेल तर काढणार कोण? म्हणून जुनं चित्र तसंच राहायचं. या पद्धतीत मेमरी मात्र फार थोडी लागे. ६४० गुणिले ४८० ठिपके आणि १६ रंग असलेला जुना पडदा घ्या. एका ठिपक्याला अर्धा बाइट, म्हणजे सगळे मिळून १,५३,६०० बाइट. दीडशे किलोबाइट.

नव्या रचनेच्या सिस्टिम, म्हणजे मॅक ओएस एक्स आणि विंडोज व्हिस्टा, प्रत्येक खिडकीचं पूर्ण चित्र मेमरीत वेगळं ठेवू लागल्या आणि ग्राफिक्स कार्डाकडून ती एकावर एक रचून घेऊ लागल्या. झाकलेला भागही हाताशी असल्यामुळे माग उमटत नाही, हलणं गुळगुळीत होतं. आता मोल बघा. आजच्या फोर-के पडद्यावर ३,८४० गुणिले २,१६० ठिपके. प्रत्येकाला ४ बाइट. पडदा भरून उघडलेल्या एका खिडकीचं चित्र ३,३१,७७,६०० बाइटचं, म्हणजे सुमारे ३३ मेगाबाइट. विंडोज ९५ च्या किमान रॅमच्या आठपट मेमरी एका खिडकीच्या नुसत्या चित्रात. अशा दहा खिडक्या उघडा आणि मग ठरवा की यात आळस कुणाचा.

व्हिस्टाने इथे उधळपट्टीही केली होती. प्रत्येक खिडकीचं चित्र दोनदा ठेवलं जायचं, एकदा ग्राफिक्सच्या मेमरीत आणि एकदा साध्या रॅममध्ये. २००९ च्या विंडोज ७ ने, ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा असेल तर, ही दुसरी प्रत काढून टाकली. प्रत्येक खिडकीमागची मेमरी निम्मी झाली, दिसण्यात काहीही फरक न पडता. गरजेचा खर्च आणि फुकट गेलेला खर्च एकाच ठिकाणी कसे नांदतात, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं सापडायचं नाही.

ब्राउझरचंही थोडक्यात सांगतो, कारण सगळ्यात जास्त शिव्या तोच खातो. २०१८ च्या सुरुवातीला स्पेक्टर नावाची प्रोसेसरमधली त्रुटी जाहीर झाली. एकाच प्रोसेसमध्ये (स्वतःची मेमरी असलेल्या एका चालू प्रोग्राममध्ये) चालणारी एक वेबसाइट दुसरीची मेमरी चोरून वाचू शकेल, असा तिचा अर्थ होता. त्याच वर्षी क्रोमने वेगवेगळ्या साइट वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये टाकायला सुरुवात केली. त्यासाठी साधारण १० ते १३ टक्के जास्त मेमरी लागेल, असं गूगलने तेव्हाच सांगितलं होतं. बँकेची साइट आणि शेजारच्या टॅबमधली कुठलीशी जाहिरात यांच्यामध्ये भिंत असावी असं वाटत असेल, तर हा खर्च मला तरी रास्त वाटतो.

कंपायलरचं पोट

१९५९ च्या आयबीएम १४०१ या मशीनसाठी फोरट्रानचा एक कंपायलर लिहिला गेला. मेमरी होती ८,००० अक्षरांची. एवढ्यात कंपायलर मावणं शक्यच नव्हतं. म्हणून उलटं केलं. माणसाने लिहिलेला प्रोग्राम मेमरीत बसून राहायचा आणि कंपायलर तुकड्यातुकड्याने टेपवरून आत यायचा. असे ६३ टप्पे. प्रत्येक टप्पा प्रोग्रामवरून एक हात फिरवायचा आणि पुढच्यासाठी जागा रिकामी करायचा. अंथरूण पाहून पाय पसरणं याहून काटेकोरपणे कुणी केलं नसेल.

पुढची पिढी टर्बो पास्कलची. १९८३ मध्ये पहिली आवृत्ती आली, अँडर्स हेल्सबर्ग यांच्या कंपायलरवर उभी. तिची ३.०२ ही आवृत्ती, म्हणजे संपादक, कंपायलर आणि प्रोग्राम चालताना लागणारा तयार कोड (रनटाइम लायब्ररी) हे सगळं मिळून, ३९,७३१ बाइटची एक फाइल होती. आज वेबपेजवरचं एखादं चित्र याहून जड असतं. वेग असा की कळ दाबली आणि झालं. हे उदाहरण देऊन आजच्या कंपायलरांना लाजवायची पद्धत आहे. मीही ते कौतुकानेच देतो, पण हिशेबाची दुसरी बाजूही मांडायला हवी.

तो कंपायलर एकाच फेरीत काम करायचा. वरून खाली वाचत जायचं आणि वाचता वाचता मशीनचा कोड बाहेर टाकायचा. पुढे काय येणार ते ठाऊक नसल्यामुळे प्रत्येक गोष्ट वापरण्याआधी जाहीर करायची सक्ती. पास्कल आणि सी या भाषांत ही अट आली ती मुख्यतः या कारणाने. पहिली चूक दिसली की काम थांबायचं. ती सुधारा, मग दुसरी कळेल. आणि बाहेर पडणारा कोड ओळीला ओळ, सरधोपट. दोन ओळींत तोच गुणाकार असेल तर तो दोनदा होणार, कारण मागची ओळ कंपायलरच्या डोक्यातून कधीच गेलेली.

आजचा कंपायलर तसं करत नाही. तो अख्खं फंक्शन मेमरीत उभं करतो: कोणतं मूल्य कुठे जन्मतं, कुठे वापरलं जातं, कुठल्या वाटेने कुठे पोचतं, याचं जाळं. मग त्या जाळ्यावर काम करतो. समजा एका फाइलमध्ये 'रुंदी दे' असं एक छोटं फंक्शन आहे आणि ते नेहमी ८ हेच उत्तर देतं. दुसऱ्या फाइलमध्ये एक लूप त्याला लाखो वेळा बोलावतो. दोन्ही फाइल एकत्र दिसल्या तर कंपायलर ते बोलावणंच काढून टाकतो, तिथे थेट ८ ठेवतो, आणि ८ ही संख्या आधीच माहीत असल्यामुळे लूपही उलगडतो. हे जमायला सगळा प्रोग्राम एकाच वेळी नजरेसमोर हवा. याला लिंक टाइम ऑप्टिमायझेशन म्हणतात. जीसीसी या कंपायलरमध्ये ते २०१० च्या ४.५ या आवृत्तीत आलं.

मोठा प्रोग्राम असला की याचं काय होतं ते फायरफॉक्सने डिसेंबर २०११ मध्ये अनुभवलं. विंडोजसाठी फायरफॉक्स बांधताना, मुख्य लायब्ररी जोडण्याच्या टप्प्यावर, मायक्रोसॉफ्टच्या ३२ बिटांच्या लिंकरला (कंपायल झालेले तुकडे जोडणाऱ्या प्रोग्रामला) ३ गिगाबाइटपेक्षा जास्त जागा हवी झाली. ३२ बिटांच्या प्रोग्रामला तिथे तेवढीच मिळू शकत होती. मशीनमध्ये आणखी रॅम घालूनही उपयोग नाही, कारण पत्तेच संपले. बांधणी कोसळू लागली, आणि काही काळ नवे बदल घेणं थांबवावं लागलं. लक्षात घ्या, तयार झालेला फायरफॉक्स एवढी मेमरी खात नव्हता. तो नीट, वेगवान व्हावा म्हणून त्याला बनवणारं सॉफ्टवेअर खात होतं. मेमरीचा भार वापरणाऱ्याच्या मशीनवरून बनवणाऱ्याच्या मशीनवर सरकला होता. असा सौदा मी डोळे झाकून करीन, कारण बनवणारे मूठभर आणि वापरणारे कोट्यवधी.

पुढे एलएलव्हीएम या कंपायलर-प्रकल्पाने यातून मधली वाट काढली. प्रत्येक फाइलचा थोडक्यात सारांश करायचा, आधी फक्त सारांश एकत्र बघायचे, आणि ज्या फाइलला ज्या फंक्शनची खरोखर गरज आहे तेवढंच तिथे आणायचं. याचं नाव थिन एलटीओ. फायदा बराचसा तोच, मेमरी कितीतरी कमी.

त्याच घरातल्या क्लँग या कंपायलरमध्ये काटकसरीचा आणखी एक सुंदर नमुना आहे. क्लँग चूक दाखवताना ओळ आणि नेमकं अक्षर दाखवतो, मॅक्रोच्या (एका नावाआड ठेवलेल्या कोडच्या) पोटात शिरूनही. त्यासाठी प्रोग्राममधल्या प्रत्येक शब्दाची जागा लक्षात ठेवावी लागते, आणि असे शब्द लाखो असतात. फाइलचं नाव, ओळ आणि स्तंभ असं प्रत्येकापाशी लिहून ठेवलं तर मेमरीचा फडशा. क्लँग हे सगळं ३२ बिटांच्या एका आकड्यात बसवतो. एक बिट 'हे मॅक्रोतून आलंय का' याला, आणि बाकीचे सगळ्या फाइल एकापुढे एक ठेवल्या तर हा शब्द कितवा बाइट, याला. ओळ आणि स्तंभ काढायचे ते चूक दाखवायची वेळ आली तरच. म्हणजे दर्जा वाढवायचा तर मेमरी वाढलीच पाहिजे, असंही नाही.

सी प्लस प्लसचे मोठे प्रकल्प बांधणाऱ्यांना एक संदेश पाठ असतो: 'फेटल एरर: किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्राम सीसी१प्लस'. नवखा माणूस कंपायलरमध्ये बग आहे असं समजतो. कंपायलर बिचारा बळी गेलेला असतो. पाचसहा ओळींचा सी प्लस प्लस प्रोग्रामही हेडर जोडून झाल्यावर हजारो ओळींचा होतो. त्यात टेम्पलेट असले की प्रत्येक टाइपसाठी कोडची नवी प्रत. आपण मेक या बांधणीच्या साधनाला सांगतो, "सोळा फाइल एकदम घे," आणि सोळा कंपायलर एकाच वेळी जेवायला बसतात. लिनक्सही मागेल त्याला मेमरी कबूल करत जातो, स्वतःपाशी आहे त्याहून जास्त. कारण प्रोग्राम मागतात तेवढी वापरत नाहीत, हा अनुभव. बहुतेक वेळा हे खपून जातं. एखादे दिवशी सगळेच खरोखर वापरू लागतात, आणि मग कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, बहुधा सर्वांत जास्त मेमरी धरून बसलेल्या प्रोसेसला ठार मारतो. सोळाऐवजी चार फाइल घ्या, प्रश्न मिटतो.

तपासणीचा खर्च

सी आणि सी प्लस प्लसमध्ये १० घरांच्या रांगेत अकराव्या घरात लिहिलं तर भाषा अडवत नाही. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं की त्यांच्या सुरक्षेच्या सुमारे ७० टक्के त्रुटी मेमरीच्या अशा गैरवापरातून येतात. क्रोमच्या चमूनेही पुढच्या वर्षी गंभीर त्रुटींबद्दल साधारण तोच आकडा दिला. १९८८ चा मॉरिस वर्म, म्हणजे नेटवर्कवरून स्वतःच पसरणारा प्रोग्रामही, लांबी न बघता मजकूर घेणाऱ्या एका फंक्शनमधून युनिक्स मशीनांत घुसला होता.

यावर ॲड्रेससॅनिटायझर हा उपाय कंपायलरमध्येच बसवलेला आहे. प्रोग्रामच्या दर ८ बाइटांमागे १ बाइट नोंदीचा: या आठांपैकी कितींना हात लावायची परवानगी आहे. मेमरीला हात लावण्याआधी कंपायलरने घातलेला कोड ती नोंद बघतो. शिवाय तुकड्यांच्या मधे मुद्दाम निषिद्ध पट्टे सोडलेले, आणि मोकळी केलेली मेमरी लगेच परत वापरायची नाही. मेमरी अनेकपट लागते, वेग साधारण निम्मा होतो. ६४ बिटांच्या मशीनवर तर सॅनिटायझर १६ टेराबाइटपेक्षा जास्त पत्ते अडवतो, आणि प्रोसेसच्या यादीत तो आकडा बघून लोक दचकतात. अडवलेले पत्ते म्हणजे वापरलेली रॅम नव्हे. चाचणी करताना हे चालवायचं, लोकांना देताना काढून टाकायचं.

दुसरा उपाय म्हणजे मेमरी परत करण्याचं काम माणसाकडून काढून गार्बेज कलेक्टरला, म्हणजे नको झालेली मेमरी आपोआप शोधणाऱ्या यंत्रणेला, देणं, जावासारखं. २००५ मध्ये हर्ट्झ आणि बर्गर या संशोधकांनी याचा खर्च मोजला. हाताने मेमरी सांभाळणाऱ्या प्रोग्रामला लागते त्याच्या पाचपट मेमरी दिली, तर चांगला कलेक्टर त्याच्या बरोबरीने धावतो. तिप्पट दिली तर सुमारे १७ टक्के मागे पडतो. दुप्पटच दिली तर जवळपास ७० टक्के. म्हणजे मेमरीत आखडता हात घेतलात की वेगाने मोजा. रस्ट ही भाषा तिसरी वाट धरते. मालकी कुणाची याचा हिशेब कंपायलरच करतो. चालताना खर्च जवळजवळ शून्य, पण कंपाइल करताना थांबा आणि शिकताना डोकं खाजवा.

मोजलं नाही तर

आता टीकाकारांची बाजू, कारण ती भक्कम आहे. आयबीएमच्या ओएस/३६० या सिस्टिमचे प्रमुख फ्रेड ब्रुक्स यांनी नंतर लिहून ठेवलेली एक हकीकत आहे. प्रत्येक गटाला मेमरीची मर्यादा आखून दिली होती: तुमच्या भागाने मुख्य मेमरीत एवढीच जागा घ्यायची. गटांनी ती पाळली. कशी? जो कोड मावेना तो तुकडे करून डिस्कवर ठेवला, आणि लागेल तेव्हा आत आणायचा. डिस्कवर किती वेळा जायचं यावर मर्यादा कुणी घातलीच नव्हती. सिस्टिमच्या वेगाचा आगाऊ अंदाज घेणारं सिम्युलेशन चालवलं, तेव्हा ड्रम (डिस्कसारखं साठवणीचं साधन) जोडलेल्या मॉडेल ६५ मशीनवर फोरट्रान एच या कंपायलरचा वेग निघाला मिनिटाला पाच ओळी! प्रत्येक गट आपल्या मर्यादेत होता आणि सगळे मिळून खड्ड्यात होते.

मला या हकिकतीत एक गोष्ट फार मोलाची वाटते. तिथे मेमरी मोजली जात होती, तरी दर्जा गेला, कारण एकच गोष्ट मोजली जात होती. आज उलट झालंय. कितीतरी ठिकाणी मेमरी कुणी मोजतच नाही. एक छोटी सोय हवी म्हणून लायब्ररी घेतली, तिच्यामागून तिच्या वीस लायब्ऱ्या आल्या. गप्पा मारायच्या साध्या ॲपमध्ये अख्खा ब्राउझर भरलेला, आणि अशी तीन ॲप उघडली की तीन ब्राउझर. यातून वाचतो तो बनवणाऱ्या कंपनीचा वेळ, आणि तोही खरा फायदा आहे. फक्त त्याचं बिल दुसऱ्याच्या रॅमवर फाटतं. पास्कल भाषेचे जनक निक्लाउस विर्थ यांनी १९९५ मध्येच तक्रार केली होती की हार्डवेअर वेगवान होतंय त्याहून झपाट्याने सॉफ्टवेअर मंद होतंय. ते नुसते बोलले नव्हते. ओबेरॉन ही सिस्टिम, कंपायलरसकट, त्यांनी आणि युर्ग गुटक्नेख्त यांनी मिळून उभी करून दाखवली होती.

मोजायला बसलं की फरक पडतो, हेही दिसलेलं आहे. फायरफॉक्समध्ये २०११ साली मेमश्रिंक नावाची मोहीम सुरू झाली. कोणत्या भागाने किती मेमरी धरली आहे हे दाखवणारं पान ब्राउझरमध्येच होतं, ते त्यांनी बारकाईने सुधारलं. मग कळलं की बऱ्याच गळतीचं मूळ ॲड-ऑनमध्ये (ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्राममध्ये) आहे. टॅब बंद झाला तरी ॲड-ऑन त्या पानाचा धागा धरून बसायचं, म्हणून अख्खं पान मेमरीत अडकून राहायचं. २०१२ मध्ये फायरफॉक्स १५ ने असे धागे स्वतःहून तोडायला सुरुवात केली. ॲड-ऑन लिहिणाऱ्या हजारो जणांना शहाणं करत बसण्यापेक्षा हे बरं.

लहान आणि उत्तम अशा दोन्ही गोष्टी हव्या असतील तर एसईएल४ हा कर्नल बघावा. सुमारे ८,७०० ओळी सी कोड. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या निक्टा या संस्थेत त्याचा गणिती पुरावा पूर्ण झाला: ठरवून दिलेलं वर्तन आणि कोड तंतोतंत जुळतात. पुरावा कोडच्या वीसपटीहून मोठा. हा कर्नल लहान आहे तो रॅम वाचवायला नव्हे. मोठ्या कर्नलचा पुरावा कोण लिहीत बसणार! लिनक्सचा कोड आता ३ कोटी ओळींच्या वर गेलाय (त्यातला बहुतांश ड्रायव्हरांचा, आणि आपल्या मशीनवर त्यातले मोजकेच चढतात). तिथे असा पुरावा कुणी मागतही नाही.

पण सी कोड बरोबर असून भागतं का? कंपायलर चुकला तर? २०११ मध्ये सीस्मिथ या साधनाने वाटेल तसे पण नियमांत बसणारे सी प्रोग्राम तयार करून कंपायलरांना खिलवले. ३२५ हून जास्त नवे बग मिळाले, जीसीसी आणि एलएलव्हीएम धरून. अपवाद ठरला झाविये लरुआ यांचा कॉम्पसर्ट. त्याच्या गणिताने सिद्ध केलेल्या मधल्या भागात चुकीचा कोड काढणारा एकही बग सापडला नाही. त्या बदल्यात तो कोडला जीसीसीइतकी धार लावायला जात नाही. एसईएल४ वाल्यांनी पुढे जीसीसीने काढलेला मशीन कोडच सी कोडशी ताडून पाहिला. कंपायलरवर विश्वास ठेवायची गरजच संपवली.

आपल्या मशीनवर मेमरी फुगलेली दिसली, तर आधी आकडा कशाचा ते बघा. लिनक्सवर 'फ्री' ही आज्ञा दिली की 'फ्री' या स्तंभात बहुधा नगण्य आकडा दिसतो. घाबरायचं कारण नाही. रिकाम्या रॅमचा उपयोग सिस्टिम डिस्कवरच्या फाइल हाताशी ठेवायला करते आणि कुणी मागितली की ती लगेच सोडते. बघायचा तो 'अव्हेलेबल' हा स्तंभ. खरी तंगी आहे का, हे कळतं 'व्हीएमस्टॅट १' चालवून. त्यातले 'एसआय' आणि 'एसओ' हे स्तंभ दर सेकंदाला डिस्कवरून रॅममध्ये आणि रॅममधून डिस्कवर किती मेमरी हलते ते सांगतात. दोन्ही शून्याच्या आसपास असतील तर रॅम ९० टक्के भरलेली दिसली तरी तिला हात लावू नका. दोन्ही सतत मोठे दिसत असतील, तर सिस्टिमचा वेळ कामात न जाता नुसत्या नेआणीत जातोय. मग कुठली प्रोसेस तासागणिक वाढत चाललीय ते शोधा. मोठी असून स्थिर राहणारीपेक्षा लहान असून न थांबता वाढणारी आधी पकडा, गळती बहुधा तिथेच असते.